एका कान्याची मूठ

"खांदा आखडलाय, अक्का," पारोळ्याचा डॉक्टर म्हणाला. "रोज भिंतीवर बोटं चढवायची. मुंगी चढते तशी, हळूहळू."

"आनि जीभ?" आमच्या आबांनी बाजूच्या खुर्चीवरून विचारलं. "तिले काही व्हयेल नही ना? मोकळी शे?"

डॉक्टर हसला, कंपाउंडर हसला, रांगेतली एक म्हातारीही हसली. मी नाही हसले. सगळं गाव माझ्या नवऱ्याला, चुडामणला, आबा म्हणतं. मोठा शांत माणूस म्हणून. शांत कसला! दिवसाला चार शब्द बोलतो आणि चारही मलाच टोचतील असे निवडून ठेवतो.

तर आषाढापासून माझं ते भिंत चढणं सुरू झालं. स्वयंपाकघराच्या भिंतीला तोंड करून उभी राहायचे, उजव्या हाताची बोटं वर सरकवायचे आणि जिथे कळ निघेल तिथे कोळशाने रेघ मारायचे. महिन्याभरात रेघा झाल्या बारा, आणि बाराही एकमेकींच्या अंगावर. हात खांद्याच्या वर जायचं नाव घेईना. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी. कपाशी निंदताना कधी कुणाच्या मागे राहिले नाही, आणि आता माझा अंबाडा सून घालायची. चोळीची बाहीसुद्धा तीच चढवायची. मोहिनी चांगली मुलगी आहे, शिंदखेड्याची. तोंडातून ब्र काढायची नाही, पण बाही चढवताना ती नजर खाली घालायची, आणि ते मला खांद्यापेक्षा जास्त लागायचं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण श्रावण लागला, नागपंचमी झाली, आणि पुढच्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशात घरोघरी बसते ती देवी.

आमच्या कानबाईचे रोट म्हणजे खापरावरचे पुरणाचे मांडे. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, दोन्ही हात वर उचलायचे, पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. हात वर जायलाच हवा. आमच्या दोन घरांत हे जमणाऱ्या बायका दोन. एक मी. दुसरी माझी धाकटी जाऊ कोकिळा. माझा हात उठत नव्हता, आणि कोकिळाने चार वर्षांत माझ्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

मोहिनीने मागच्या वर्षी करून पाहिलं. तिचा मांडा हातावर मोठा व्हायच्या आधी मनगटात बांगडीसारखा अडकून बसला. आबांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि म्हणाले, "बांगड्या आते खावानी वस्तू व्हयनी."

कोकिळा का येत नव्हती? माझ्यामुळे. सरळ सांगते. घरात एवढी वर्षं मी सरळ सांगितलं नव्हतं, "तिचंच डोकं गरम" असं म्हणत राहिले, पण खरं ते हे.

रोटांचा गहू निवडून झाला की आमच्यात मुठी घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत पडतो, आणि तो घरातल्या थोरल्या बाईच्या हाताने. नाव घ्यायचं, मूठ सोडायची. मग त्यावर जेवणाऱ्यांच्या पोटाप्रमाणे पायलीभर आणखी ओतायचा. मुठी आमच्या चारच: आबांची, माझा मुलगा नवीन त्याची, धाकटे दीर लीलाधर त्यांची आणि त्यांच्या तेजसची. एकदा पडलेली मूठ परत उचलत नाहीत. ती कानबाईची झाली.

चार वर्षांपूर्वी मी अशीच मुठी घेत बसले होते. भाऊबंदांच्या दहा-बारा बाया भोवती. कोकिळाची मुलगी हेमांगी तेव्हा नुकतीच धुळ्याला दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. पहिल्या पगारातून तिने कानबाईला हिरवी साडी आणलेली. पोर हसत हसत माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मोठी माय, मन्ही मूठ कोठे शे?"

आता पोरीने गंमत केली होती. गंमतीने उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. माझी जीभ मोकळी ना, एकदम मोकळी! मी म्हटलं, "पोरनी मूठ पडनी ते रोट कडू व्हतस. परायं धन तू. तुनी मायनी इतलंबी शिकाडं नही का?"

कोकिळा बायांच्या जेवणाची कणीक मळत होती. ती उठली. हात धुतले नाहीत, कणकेचे हात तसेच घेऊन पोरीला म्हणाली, "चल," आणि गेली. अंगणातल्या नळावरही थांबली नाही. पारोळ्याच्या गाडीत त्याच हातांनी बसली असणार. त्या वाळलेल्या कणकेची मला पुढे कितीदा आठवण झाली, ते माझं मलाच ठाऊक.

लीलाधर पारोळ्यात शिवणकाम करतात. दर वर्षी मी त्या दोन मुठी घ्यायचे, रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत म्हणून नवीनच्या हाती डबा धाडायचे, आणि डबा धुऊन परत यायचा. घासलेला, लखलखीत, रिकामा. रिकामा डबा परत धाडत नाहीत आमच्याकडे, चिमूटभर साखर तरी घालतात. कोकिळाला हे माहीत नव्हतं असं नाही.

तर यंदा शुक्रवारी सकाळी मी अंगणात सूप घेऊन गहू निवडत बसले होते. डाव्या हाताने पाखडत होते, त्यामुळे निम्मा गहू कोंबड्यांना. मोहिनी आतून मोबाईल घेऊन धावत आली.

"आत्याबाई! काकांचा मेसेज आलाय ग्रुपवर!"

आमच्या भाऊबंदांचा ग्रुप आहे. त्यात सगळे रोज फुलांचे फोटो टाकतात. लीलाधर कधी काही लिहायचे नाहीत. मी डोळ्यांपासून फोन लांब धरला. चौथी शिकलेली आहे मी, वाचता येतं मला. लिहिलं होतं:

"तेजसले आंडोर व्हयनी. बारा दिन व्हयनात, सुवेर फिटनं. मायलेक बरी शेत."

आंडोर! म्हणजे मुलगा. तेजस सुरतेला असतो, त्याची मोनाली दिवसांत आहे हे मला कानावरून कळलं होतं. कोकिळाला नातू झाला. माझ्या नवीनच्या लग्नाला दोन वर्षं झाली, मला अजून काही नाही, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पोटात बारीक चिमटा बसला. पण तो जितका चटकन बसला तितकाच चटकन सुटला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. तेजसला मी न्हाऊ घातलंय. कोकिळा बाळंतीण होती तेव्हा त्याला दीड महिना मीच पायांवर घेतलं होतं.

"इथं 'व्हयनी' लिहिलंय," मोहिनी म्हणाली. "आंडोर असेल तर 'व्हयना' पाहिजे ना?"

"तुले काय माहीत," मी म्हटलं. "लीलाधर भाऊजी मराठीत दोनदा नापास व्हयेल शेत. परात आन."

मी परात मांडली, हळदीकुंकू वाहिलं आणि मुठी घेतल्या. हात वर जात नाही, पण मूठ मिटायला खांदा लागत नाही. "ही चुडामण आबानी. ही नवीननी. ही लीलाधरनी. ही तेजसनी." मग थांबले. पाचवी मूठ भरली, जरा दाबूनच भरली. "आनि ही बाळनी." आणि सोडली. वर पाव मूठ.

मोहिनीने फोन समोर धरलेला होता. मला वाटलं वेळ बघतेय.

दुपारी गहू झुलालच्या चक्कीवर गेले. रोटांच्या दिवसांत झुलाल चक्की धुऊन ठेवतो, दुसरं दळण घेत नाही. पीठ घरी आलं, मी ते पातळ ओढणीतून गाळायला बसले आणि फोन वाजला. मोहिनीने माझ्या कानाला लावला.

"अक्का, मी कोकिळा बोलस."

चार वर्षांनी तो आवाज. जरा जाड झाला होता.

"बोल," मी म्हटलं.

"मी व्हिडिओ देखा. मोहिनीनी टाकेल शे. तुम्ही मन्ही नातनी मूठ लिधी." पलीकडे ती रडत होती. "अक्का, मन्हा जीव भरी उना. पोरनी मूठ लिधी तुम्ही! मी यांले सांगं, अक्का मोठ्या शेत, त्यास्नी बठ्ठं धुई टाकं. आम्ही रविवारले येतस. बठ्ठा येतस. हेमांगीबी."

"नात?" मी म्हटलं.

"हां, नात! तेजसनी आंडेर! तुमना दीरले मोबाईलमा लिखता येस का काही? त्यास्नी आंडोर लिखी टाकं. पन तुम्हाले बरोबर समजनं ना!"

मी फोनकडे बघितलं, पिठाकडे बघितलं. "हां," मी म्हटलं. "ये. खापर काढी ठेवस."

आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. मध्ये फरक एका कान्याचा. भाऊजींच्या जाड्या बोटाखाली एक काना जास्तीचा पडला, आणि माझ्या हातून भाऊबंदांत कधी नाही ती गोष्ट घडली. पोरीची मूठ. दाबून भरलेली. दळून झालेली.

आबांना सांगितलं तेव्हा ते बैलांपुढे चारा टाकत होते. ते असे हसले की शेवटी गव्हाणीला धरून उभे राहिले.

"हसाले काय व्हयनं?" मी म्हटलं. "आते काय करू ते सांगा."

"काही करू नको. तुना तोंडले कुलूप लावानं, इतलंच काम."

"ती समजी ऱ्हायनी मी जानीसन मूठ लिधी. माफी मांगी म्हनून."

"मंग समजू दे ना! खोटं बोलाले कोन सांगस? नुस्तं बोलू नको. एक दिवस."

बघा, कसं सोपं. मोहिनीही तेच म्हणाली, नवीनही तेच म्हणाला. कोकिळा येतेय, मांडे होणार, कानबाई पावली, गप्प बसा. आणि मी ठरवलंसुद्धा गप्प बसायचं. शनिवारी दिवसभर कपाशीत निंदायला गेले, घरात बसले असते तर बोलले असते म्हणून. डाव्या हाताने निंदत होते. माती ओली, गवत मुळासकट येत होतं, वर ढग आणि मध्येच ऊन. काम काही झालं नाही. एकाच ओळीत दोनदा फिरले. सारखं वाटत राहिलं, मी माफी मागितलीच नाही आणि मला माफी मिळाली. फुकट मिळालेल्या वस्तूचा मला आयुष्यात कधी आनंद झालेला नाही. भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीरसुद्धा मी वास घेऊन बघते.

आणि खरी भीती दुसरीच होती. सांगावं, तर कोकिळा पुन्हा उठून जाईल. या वेळी गेली तर ती काही परत यायची नाही. लपवावं, तर जन्मभर तिच्यासमोर मी उसन्या मोठेपणात बसणार. अक्का मोठ्या शेत! कसल्या मोठ्या.

रविवारी दहाच्या गाडीने ती आली. मी दारात उभी होते. ती वाकली, मी तिला वर उचलायला गेले आणि खांद्यात अशी कळ आली की "आई गं" म्हणून मीच तिच्या अंगावर टेकले. तिला वाटलं मी मिठी मारली. तिने मला घट्ट धरलं. केस पांढरे झाले होते तिचे कानांजवळ. चार वर्षांत माणूस केवढं बदलतं आणि आपण बघायलाही नसतो.

भाऊजी मागे पिशवी घेऊन उभे. "वहिनी, बरी शे ना?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही पहिले बाराखडी शिका." ते बावरले, आबांनी आत नेलं.

हेमांगी शेवटी आत आली. पाया पडली, पण नजर दुसरीकडे. पोर भरली होती अंगाने, चालण्यात दवाखान्याची शिस्त आली होती. स्वयंपाकघरात तिला माझ्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा दिसल्या.

"हे काय, मोठी माय?"

मी सांगितलं. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "तुम्ही पाठ वाकाडतस, म्हनून हात चढत नही. सरळ उभ्या ऱ्हा. श्वास सोडा. आते चढाडा." तिचा तळवा माझ्या पाठीवर होता, घट्ट आणि ऊबदार. बोटं त्या बारा रेघांच्या वर चार अंगुळं गेली. तिने स्वतः कोळसा घेऊन तेरावी रेघ मारली आणि खाली तारीख घातली. याच पोरीला मी परायं धन म्हटलं होतं. मला तिथेच भिंतीत शिरावंसं वाटलं.

दुपारी खापर तापलं. गल्लीतल्या चार-पाच जाऊबाया मदतीला आलेल्या. मोहिनी गोळ्यांत पुरण भरत होती, मी पाटावर बसून चुलीत काड्या सारत होते, आणि कोकिळा उभी. तिने पदर खोचला, गोळा उचलला. हात वर गेले. गोळा या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपराकडे, पातळ होत, मोठा होत. मी हातातली काडी तशीच धरून बघत राहिले. मला माझा खांदा दुखतोय हेही आठवलं नाही. मांडा खापरावर पडला आणि फुगला, तशी मोहिनी ओरडली, "काय भारी, काकू!"

दुसरा मांडा झाला, तिसरा झाला. कोकिळा खुलली होती. चौथा हातांवर घेता घेता ती बायांना म्हणाली, "देखा वं, आमनी अक्का कशी शे! आपला भाऊबंदमा कोनी पोरनी मूठ लिधी का आजलोंग? अक्कानी लिधी. इतलं मोठं मन लागस त्याले."

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने तर मला हात जोडले.

बस. कुलूप तुटलं.

"कोकिळा," मी म्हटलं, "ती मूठ मी पोरनी समजीसन नही लिधी. आंडोरनी समजीसन लिधी. भाऊजीस्नी आंडोर लिखं, मी आंडोर वाचं. माले माहीत ऱ्हातं ते मी ती मूठ लिधी नसती."

दारातून आबांचं "अरे देवा" ऐकू आलं.

कोकिळा उठून गेली असती. मला तिच्या डोळ्यांत ते दिसलं. पण तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरलेला होता. मांडा हातावर असलेली बाई कुठे जाऊ शकत नाही. तो फिरवत राहावा लागतो, थांबला की फाटतो. ती तशीच उभी राहून मांडा फिरवत राहिली, आणि तिचं तोंड लाल होत गेलं.

"म्हंजे चूक व्हयनी?" ती म्हणाली.

"हां. चूक व्हयनी."

"इतलंच?"

आता 'चूक व्हयनी' या दोन शब्दांचं मी काय सांगू! आयुष्यात माझ्या तोंडून "चूक झाली" हे कधी निघालेलं नाही. मीठ जास्त पडलं तर मी भोपळ्याला दोष देते. पण ते एकदा निघालं होतं, आणि मागचंही सगळं त्याच्या पाठोपाठ दाराशी येऊन थांबलं होतं.

"नही," मी म्हटलं. "ती बारीक चूक. मोठी चूक चार साल पहिले व्हयनी. हेमांगीले मी जे बोलनी, तुले जे बोलनी, बठ्ठास्ना समोर. मन्ही चूक व्हयनी, कोकिळा. मन्ही. तू कनीकना हात लिसन गयी, ते मन्हा डोळासमोरथून जात नही. माले सांगता येत नव्हतं. लाज वाटे."

मी रडत होते. पदराने डोळे पुसायला गेले तर हात वर येईना, म्हणून मान खाली घालून पुसले. फार शोभिवंत दिसलं नसणार.

कोकिळा माझ्याकडे बघत राहिली आणि मांडा थांबला. मधोमध फाटला, टरकन. निम्मा चुलीत, निम्मा तिच्या कोपरावर.

"अक्का!" ती ओरडली. "बोलाले हाईच टाईम सापडना का तुम्हाले? चार साल व्हतात ना!"

आधी मोहिनी फिसकन हसली. मग गल्लीतल्या बाया. मग कोकिळा स्वतः, कोपराला पुरण लागलेलं, हसता हसता रडायला लागली आणि माझ्या शेजारी पाटावर येऊन धपकन बसली. "माले वाटेच," ती नाक ओढत म्हणाली, "अक्का इतल्या लवकर कशा सुधरन्यात!" आणि तिने माझे डोळे तिच्या पदराने पुसले. पुरणाचा वास येत होता पदराला.

हेमांगी दारात उभी होती. हसत नव्हती, रडतही नव्हती.

मी तिला हाक मारली. "आठे ये. परात आन."

गहू अजून सुपात थोडे राहिले होते. मी पाटावर नीट मांडी घातली, पाठ सरळ केली. मूठ भरली. "ती चुकीनं पडनी," मी म्हटलं. "ही मुद्दाम. देखा बठ्ठा. ही हेमांगी लीलाधरनी." आणि सोडली. वरची पाव मूठ घ्यायला गेले तर कोकिळाने माझा हात धरला. तिने गव्हात स्वतःची बोटं घातली आणि वरचा पाव तिच्या हाताने टाकला. थोरलीच्या हातची मूठ, धाकटीच्या हातचा पाव. असंही कधी झालेलं नव्हतं. होऊन गेलं.

"रोट कडू व्हतस ना पन?" गल्लीतली एक म्हातारी जाऊ हळूच म्हणाली.

"खाईसन सांगसू," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी माझीही घ्या," मोहिनीने सूर लावला. तिला म्हटलं, आधी मांडा मनगटाच्या पुढे सरकू दे, मग बोलू.

नवीन ती सव्वा मूठ घेऊन चक्कीवर गेला आणि तसाच परत आला. झुलालने निरोप धाडला होता: "अक्काले सांग, मूठभर दळन चक्कीना पोटमा राही जाई. हातमा काहीच येवाव नही."

मग जातं आठवलं. सासूबाईंचं जातं पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून गेली वीस वर्षं पडलं होतं. आबा, भाऊजी आणि नवीन, तिघांनी टाकी उचलली, खाली विटा सारल्या, जातं ओढून काढलं, चार वेळा धुतलं. तेवढ्यात टाकी कलंडली आणि भाऊजी नखशिखान्त भिजले. मला फार बरं वाटलं. एका कान्याची शिक्षा झाली.

जात्याला एका बाजूने मी, समोर कोकिळा. खुंट्याला माझा डावा हात, तिचा उजवा. पहिल्या फेऱ्याला दगड कुरकुरला, दुसऱ्याला मी. तिसऱ्याला लागलं फिरायला. पाळीतून पीठ उतरायला लागलं, जाडंभरडं, तांबूस. गुडघ्याला गुडघा लागत होता आमचा. कोकिळा दळता दळता सुरतेला बघून आलेल्या बाळाचं सांगत होती. नाक तेजसचं आहे, रंग मोनालीचा आहे, रडली की गल्ली गोळा होते.

"मंग आवाज मन्हा शे," मी म्हटलं.

"तेच मी यांले सांगं," ती म्हणाली.

पीठ झालं ओंजळभर. ओढणीतून गाळून त्याचा एकच छोटा मांडा झाला. खापरावर पडला तेव्हा कोकिळाने श्वास धरून ठेवला होता, मीही. फाटला नाही. कडेला जरा जाड राहिला, पण जात्याच्या पिठाचा तसाच होतो.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत कानबाई चौरंगावर बसली. नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर चार वर्षं माझ्या पेटीत घडी पडून राहिलेली हिरवी साडी. हेमांगीने ती बघितली आणि घडीच्या खुणांवरून बोट फिरवलं. पंगत बसली. बाराएक माणसं, सगळ्यांच्या ताटात मांडा, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हेमांगीच्या ताटात तिचा स्वतःचा मांडा.

कुणी घास उचलेना. सगळे तिच्याकडे बघत होते. आबासुद्धा. ती म्हातारी जाऊ तर गुडघ्यांवर उठून बसली होती.

हेमांगीने तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. चावला. आणि तिचं तोंड वाकडं झालं. डोळे बारीक करून, गाल आक्रसून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मोठी माय," ती म्हणाली, "कडू शे वं!"

कोकिळाचा हात वाटीतच थांबला. आणि मग त्या कारटीच्या गालाला खळी पडली, ओठ थरथरले, आणि ती अशी हसत सुटली की तिला ठसका लागला.

"मेली!" मी उठले, आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कळेना काय झालं. मग आबांनी ताटावरून मान वर केली.

"नवीननी माय," ते म्हणाले, "हात डोकावर गया व्हता तुना."

मी उजव्या हाताकडे बघितलं. दुखत होता, मरणाचा दुखत होता. पण गेला होता खरा. हेमांगीने पाठ चोळत, ठसका आवरत स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं आणि मोहिनीला सांगितलं, कोळसा आण. मी म्हटलं, आधी जेव, मग रेघा मार. आणि तिचा मांडा गार होतोय म्हणून त्यावर तुपाची धार धरली, डाव्या हाताने.

सोमवारी कानबाई नदीवर विसर्जनाला गेली आणि कोकिळा पारोळ्याला. जाताना मी रोटांचा डबा भरून दिला. मंगळवारी तो नवीनबरोबर परत आला. घासलेला, लखलखीत. मी झाकण उघडलं. आत तळाशी साखर होती, चिमूटभर नाही, चांगली मूठभर. आणि वर पाव.